अंगठ्यावरचा कापूर

मंगळवारी सकाळी दहा वाजता आमच्या गावच्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसे. वरवट बकालहून जळगाव जामोदला जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव लहानसं. एस.टी. थांबते, पण ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही, एवढीच त्याची किंमत. अशा गावात चार-चार खेड्यांच्या बायका उतरू लागल्या होत्या. हातात नारळ, पिशवीत आधार कार्ड. कारण आमच्याकडे चमत्कार होत होता.

चमत्कार असा. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याला वायरीनं जोडलेली, साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी. डबीच्या काचेवर अंगठा ठेवायचा. काचेखाली लाल दिवा लागतो, अंगठा जुळतो आणि सरकारी मदतीसाठी लागणारी केवायसी होते. ही डबी ऐन गर्दीत एकाएकी मरायची. दिवा जायचा. केंद्र चालवणारा हर्षल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वायर काढून पुन्हा खोचायचा, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. डबी मेली ती मेलीच. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले बापू डोळे उघडायचे.

त्यांचं खरं नाव कोणी विचारलं नव्हतं. लोक अंगठेबापू म्हणत.

"माय हो, मशीन बिघडली नाही," बापू सांगत. "अंगठ्यात सात चक्रं. चार उघडी, तीन कुलूपबंद. कुलूपबंद अंगठ्याची लहर वर उपग्रहाले धडकते, अन् उपग्रह म्हणते, मी नाई घेत. आता मी त्याच्याशी बोलतो. डोळे मिटा, हात जोडा. जो डोळे उघडीन त्याचा डाटा जाईन."

यमाला न भिणाऱ्या बायका डाटा जाईल म्हणून भीत. सगळ्यांचे डोळे गच्च मिटत. बापू पुटपुटत. त्यात संस्कृत थोडं आणि मोबाइलवर बोलणाऱ्या कंपनीच्या बाईची भाषा जास्त. मध्ये मध्ये 'फट्'. अकराव्या 'फट्'ला हर्षल म्हणे, "आला." डोळे उघडावेत तर डबीत लाल दिवा.

"पाह्यलं का?" माझी सासू तानाबाई मला कोपर मारत. "आपल्या समईले तरी तेल लागते."

मी काही बोलत नसे. चातुर्मासात झोपेतून उठल्यापासून दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. शिवाय यंदा लाख वातींचा नेम धरलेला. दिवसाला आठशेच्या वर वाती वळाव्या तेव्हा कुठे कार्तिकापर्यंत लाख होतात. सासूबाईंची केवायसी पहिल्याच मंगळवारी झाली होती, तरी दर मंगळवारी दर्शनाला यायचा त्यांचा हट्ट. ऐंशीच्या बाईला एकटं कसं सोडणार? म्हणून मीही मांडीवर कापसाची पिशवी घेऊन बाकावर बसे, आणि केंद्रातल्या आरतीला चार वाती देई.

वात वळताना डोळे मिटता येत नाहीत, वात जाड-बारीक होते. हात जोडायला तर हातच मोकळे नाहीत. जप करावा तर मौन. थोडक्यात, त्या खोलीत बापू आणि हर्षल सोडून उघड्या डोळ्यांची मी एकटीच. माझ्याकडे त्यांचं लक्ष नसे. नेमाच्या बाईकडे कोण कशाला बघतो.

बोटांना सवय झाली की नजर वर जाते. हर्षलच्या डोक्यामागे दत्ताची काचेची तसबीर आहे. मी दत्तमहाराजांकडे बघत असे. त्या काचेत कॉम्प्युटरचा पडदा उमटतो, हे तिसऱ्या मंगळवारी माझ्या लक्षात आलं. डबी मरायच्या आधी काचेत एक पांढरी यादी उघडली, मिटली. बापूंचा नववा 'फट्' झाला आणि तीच यादी पुन्हा उघडली. हर्षलचा उजवा हात कॉम्प्युटरच्या उंदरावर, म्हणजे माउसवर होता. टक. टक. यादी मिटली, दिवा लागला, मग बापू अकराव्यावर पोचले.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण जो देव हर्षलचा हात हलल्याशिवाय येत नाही तो देव नव्हे, एवढं कळतं. राग आला. मी आयुष्यभर देवापुढे बसले, कधी काही मागितलं नाही, आणि हा माणूस देवाला टेबलावर बोलावून दिवा लावायला सांगतो. पण बारा वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि बारानंतर मी इतकं हळू बोलते की स्वयंपाकघरातलं बोलणं ओसरीत जात नाही. मी गप्प राहिले. ही माझी चूक. दुसरी चूक पुढे सांगते.

गप्प राहिले नसते तर चांगुणावर ती वेळ आली नसती.

चांगुणा माझी शेजारीण. चाळिशीची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. लोकांच्या शेतात कापूस वेचते, लग्नाकार्यात भांडी घासते. तिच्या बोटांची टोकं चिंचोक्यासारखी गुळगुळीत झाली आहेत. पहिल्या मंगळवारी तीही रांगेत होती. बापूंचा मंत्र ऐकून म्हणाली, "बापू, मशीनले वऱ्हाडी नाई समजत का? सरळ सांगा ना तिले."

बायका हसल्या. बापू हसले नाहीत. त्या दिवसापासून चांगुणाचा नंबर आला की डबी मरायची. ती बाहेर गेली की मंत्र, आणि मंत्रानंतर दिवा. दोनदा झालं, तीनदा झालं. मग बायका रांगेत तिच्यामागे उभ्या राहीनात. नळावर तिनं हंडा भरला की पुढची बाई तोटी राखेनं घासू लागली. पुष्पाबाईच्या नातवाला ताप आला तो पावसाळी ताप होता, दवाखान्यात तसंच सांगितलं, पण पुष्पाबाई म्हणाली, "त्या दिवशी तिनं पोराच्या गालाले हात लावला होता."

पाचव्या मंगळवारी बापूंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हिच्या अंगठ्यात नवऱ्याचा जीव अडकून राह्यला. म्हणून मशीन मरते, अन् उद्या माणूस मरन. पुढच्या मंगळवारी अंगठ्यावर कापूर पेटवू. जळेपर्यंत हात हलवाचा नाई. मंग मशीननं अंगठा घेतला तर बाई शुद्ध. नाई घेतला तर गावानं काय ते समजून घ्यावं."

बाराचा ठोका झाला तशी मी चांगुणाकडे गेले. ती भाकरी थापत होती.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "तो हर्षल काहीतरी करतो. मी पाहिलंय."

"तुमी पाह्यलं, वैनी. अजून कोणी पाह्यलं?"

"अंगठा भाजेल गं."

"भाजला अंगठा पंधरा दिवसांत भरून येते." तिनं भाकरी उलटली. "नळावर माह्या मागून तोटी घासतात ते कधी भरन? करू द्या त्याले. एकदाचं सुटन तरी."

तिथून मी सरपंच भागवतभाऊंकडे गेले. भाऊ वाईट माणूस नाही. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग म्हणाले, "वैनी, मी सोता वायर काढून लावली. सोता बटन दाबून बंद-चालू केलं. नाई आला दिवा. बापूनं बोलावला तं आला. आता मी डोळ्यानं पाह्यलेलं खोटं म्हणू?"

"हर्षल उंदरावर टकटक करतो, भाऊ."

"काय म्हटलं?"

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"कॉम्प्युटरवाला टकटक नाई करन तं काय भजन म्हणन? वैनी, तुमच्यासारखी नेमधर्माची बाई असं बोलाले लागली तं गाव कोणाकडं पाह्यन? तुमी दत्ताले मानता ना? मंग बापूले मानाले काय जाते?"

हे ऐकून डोकं भणभणलं. नास्तिक माणूस बोलला तर म्हणतात, त्याला देव कुठे कळतो. मी बोलले तर म्हणतात, तुम्हाला देव कळतो, मग तुम्ही कशाला बोलता. म्हणजे बोलायचं कोणी?

शुक्रवारी कापूस संपला. माझ्या वातींचा कापूस वरवट बकालच्या नसीमाभाभींकडून येतो. त्यांचं घर पिंजाऱ्यांचं, तीन पिढ्या गाद्या भरतात. सरकी-कचरा नसलेला, पिंजून हलका केलेला असा कापूस मला दुसरीकडे मिळत नाही. त्यांची मुलगी राबिया शाळेत कॉम्प्युटर शिकवते. कापूस पिशवीत भरता भरता मी तिला तसबिरीतली यादी सांगितली.

राबियानं आपला लॅपटॉप उघडला आणि त्याला वायरीनं एक लहान कॅमेरा जोडला. पडद्यावर माझा चेहरा आला. मग तिनं एक पांढरी यादी उघडली. दत्ताच्या काचेत दिसायची तीच, फक्त सुलटी.

"याला डिव्हाइस मॅनेजर म्हणतात, काकू. कॉम्प्युटरला काय काय जोडलंय त्याचा हजेरीपट समजा. हा बघा कॅमेरा. याच्या नावावर उजवं बटण दाबलं, की इथं लिहिलंय डिसेबल. दाबते."

माझा चेहरा गेला. पडदा काळा.

"आता वायर काढा. परत लावा."

मी लावली. काळाच.

तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला. तरी काळाच. भागवतभाऊ आठवले.

"वायर ठीक, कॅमेरा ठीक," राबिया म्हणाली. "पण आत प्रत्येक वस्तूशी बोलायला एक दुभाषी असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला. त्यालाच सांगून ठेवलं की याच्याशी बोलायचं नाही. हजेरीपटावर मास्तरांनी नावावर काट मारली, की पोरगं वर्गात दहादा आत-बाहेर करो, त्याची हजेरी लागत नाही. काट काढेपर्यंत." तिनं पुन्हा दोनदा टकटक केलं. "एनेबल."

माझा चेहरा परत आला. तोंड उघडं राहिलेलं.

म्हणजे त्या डबीला मौन दिलं होतं. माझं मौन मी आपखुशीनं घेतलेलं. तिच्यावर लादलेलं.

"मंगळवारी येशील?" मी विचारलं.

राबियानं आईकडे पाहिलं. नसीमाभाभींनी पिंजलेल्या कापसावरचा हात काढला नाही. म्हणाल्या, "ताई, आमची पोरगी तुमच्या बापूले खोटं म्हणन, तं लोक बापूचं नाई, आमचं नाव घेतीन. समजून राह्यल्या ना?"

"समजलं. ती फक्त हात चालवेल. बोलेन मी."

"मंगळवारी सकाळी?" त्यांना माझा नेम ठाऊक होता.

"हो," मी म्हटलं.

मंगळवारी राबिया माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. टेबलावर पितळेची ताटली होती आणि तिच्यात कापराच्या वड्या. चांगुणानं न्हाऊन धुवट लुगडं नेसलं होतं, जणू सणाला आली होती. नंबर आला, डबी मेली. हर्षलनं वायर काढली, लावली. बापू म्हणाले, "अंगठा वर." तिनं अंगठा वर केला. बापूंनी एक वडी उचलून त्यावर ठेवली आणि काडेपेटी काढली.

"थांबा," मी म्हटलं.

कोणाला ऐकू गेलं नाही.

"थांबा म्हणते मी."

तेवढ्यात शेजारून तानाबाई ओरडल्या, "अवो थांबा ना, ती बारा वाजाच्या आत बोलली."

मग मात्र सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या लहान दिराचं निधन झालं त्या सकाळीही मी बारापर्यंत बोलले नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं. बापूंच्या हातातली काडी तशीच राहिली.

"हर्षल, तू उठ आणि दाराबाहेर उभा राहा," मी म्हटलं. "बापू, आता बोलवा दिवा. तो बोलावल्यावर आला, तर मी माझा अंगठा पुढे करते. कापूर त्यावर लावा."

"बाई, असं नसते," बापू म्हणाले. "ऑपरेटर पाहिजे. तो लहरीचा खांब हाय."

"उपग्रह वर आहे ना? मग खांब बाहेर उभा राहिला म्हणून काय बिघडतं?"

मागून कोणीतरी हसलं. भागवतभाऊंनीच हर्षलला दंडाला धरून बाहेर नेलं. मी ते विसरणार नाही.

बापूंनी सुरुवात केली. मी म्हटलं, आज कोणी डोळे मिटू नका, डाटा गेला तर माझा जाऊ द्या. उघड्या डोळ्यांपुढे तो मंत्र किती लांब वाटला. अकरावा 'फट्' झाला, एकविसावा झाला. तानाबाई बोटांवर मोजत होत्या. चाळीसनंतर त्या म्हणाल्या, "बापू, पाणी घ्या थोडं." डबी काळीच.

"ही पोरगी आत हाय," बापूंनी राबियाकडे बोट केलं. "हिच्या धर्मानं लहर तुटते."

"हिच्या घरच्या कापसाच्या वाती तुमच्या आरतीत जळतात," मी म्हटलं. "दर मंगळवारी मीच आणून देते. तेव्हा तुटली नाही?"

राबिया टेबलाशी गेली आणि पडदा लोकांकडे वळवला. यादी उघडली. डबीच्या नावापाशी खाली तोंड केलेला एक बारीक बाण होता. तिनं टक केलं, टक केलं. लाल दिवा लागला. फट् नाही, काही नाही.

पुन्हा टक, दिवा गेला. तिनं भागवतभाऊंना वायर काढून लावायला सांगितली. त्यांनी लावली. नाही आला. "आता सासूबाई," मी म्हटलं. तानाबाईंचा सुरकुतलेला हात राबियानं उंदरावर ठेवला, वर आपला ठेवला. टक. टक. दिवा आला.

तानाबाईंनी आधी दिव्याकडे पाहिलं, नंतर बापूंकडे. मग म्हणाल्या, "म्हंजे म्याच बापू झालो. अन् याले पाच नारळ देल्ले."

ते नारळ केंद्राला लागून असलेल्या हर्षलच्याच दुकानातून सकाळी घ्यायचे आणि दुपारी तिथेच परत जायचे, हे एव्हाना सगळ्यांना आठवू लागलं होतं.

हर्षलला आत आणलं. तो खाली बघून बोलला. "पह्यल्या दिवशी खरंच बंद पडलं होतं. केंद्राच्या पूजेले या जयमालाकाकूनंच काचेवर हळदकुंकू लावलं होतं, त्यानं अंगठा घेत नव्हतं. मी पुसून राह्यलो होतो अन् बापू चहाले आले होते. त्यांनी हात वर केला अन् तेवढ्यात अंगठा लागला. लोकं पाया पडले. मंग बापू म्हणाले, असं परत करता येईन का?"

ही माझी दुसरी चूक. काचेला दिसायचं असतं, आणि मी भक्तीनं तिच्या डोळ्यांत कुंकू भरलं होतं.

एवढ्या गडबडीत चांगुणा तशीच उभी होती, अंगठा वर, त्यावर वडी. मी ती उचलली. राबियानं काच पदरानं पुसली आणि अंगठा ठेवायला सांगितला. दिवा लागला, पण अंगठा जुळला नाही. चांगुणाचा चेहरा उतरला. मागे कुजबुज उठली.

"कापूस वेचून, भांडी घासून रेषा झिजल्यात," राबिया म्हणाली. "दहा बोटं दिलीत ना देवानं? दुसरं ठेवा."

डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पहिल्याच वेळी जुळलं. सहा आठवडे एवढ्या माणसांपैकी कोणाला हे सुचलं नाही. पण तिचा अंगठा जाळायचं सुचलं.

बापू निघाले तेव्हा म्हणाले, शक्ती आता दुसऱ्या गावी गेली. मी तक्रारीचा कागद लिहिला. भाऊ म्हणाले, "वैनी, गावाची बदनामी होईन." मी म्हटलं, बाईला चेटकीण ठरवून चटके देणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि बदनामी कापूर आणला तेव्हाच झाली. खाली सही माझी, भाऊंची, आणि तानाबाईंचा अंगठा. एवढ्या गर्दीतून तीनच.

इथं गोष्ट संपायला हवी होती. चार दिवसांनी नळावर गेले तर पुष्पाबाई सांगत होती, "बापू खोटा निघाला, बाई. पण चांगुणाची नजर वाईटच." आणि तोटी घासत होती. मला हंडा तिथेच टाकून घरी यावंसं वाटलं. कळ दाखवली, दिवा दाखवला, यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. यादीतली काट दोन टिचक्यांत निघाली. यांच्या मनातल्या यादीत चांगुणाच्या नावावर मारलेली काट कोणत्या बटणानं काढायची?

त्रिपुरी पौर्णिमेला लाख वातींचं उद्यापन झालं. पहिली वात सवाष्णीनं लावायची अशी रीत. मी काडी चांगुणाच्या हातात दिली. ती म्हणाली, "वैनी, नको. तुमचा चार महिन्याचा नेम वाया जाईन."

"वाती मी वळल्या," मी म्हटलं. "नेम माझा आहे. कोणी लावायची ते मी सांगते."

बोलावलेल्या तीस बायकांतल्या नऊ आल्या होत्या. तिनं त्याच अंगठ्यानं वात जरा पुढे सारली आणि पेटवली. तेल होतं, कापूस होता, आग होती, म्हणून ती लागली. आणखी कशाला विचारायची गरज पडली नाही.

माझं देवावर प्रेम आहे, म्हणून विनंती करते. कोणी दिवा लावून दाखवला तर हात जोडायच्या आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघा. डोळे मिटा म्हणाला तर उघडे ठेवा. आणि बाईच्या अंगठ्याशी जाळ नेण्याआधी तिचं दुसरं बोट लावून बघा.